नंबर घालवणारे डॉक्टर घडतात कसे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

चष्म्याचा नंबर शस्त्रक्रियेने घालवण्याविषयी या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक पेशंटची असतात. या वेळचा गठ्ठा वेगळा आहे. ही शस्त्रक्रिया शिकायची आहे, शिकतो आहोत किंवा शिकावी का, असं विचारणाऱ्यांची ही पत्रं आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: मी वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षात आहे. मला लेझरने नंबर काढणारी सर्जन व्हायचं आहे. त्यासाठी थेट कोर्स आहे का? एकूण किती वर्षं लागतील?

थेट कोर्स नाही. आधी डॉक्टर, मग नेत्रतज्ज्ञ, मग रिफ्रॅक्टिव्ह सर्जन (नंबर घालवणारा सर्जन), असा हा क्रम आहे. वैद्यकीय पदवी आणि इंटर्नशिप झाली की नेत्रविज्ञानाची रेसिडेन्सी येते. ती काही देशांत तीन वर्षांची असते, तर ब्रिटनमध्ये सात वर्षांची. त्यानंतर कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि रिफ्रॅक्टिव्ह सर्जरीची फेलोशिप साधारण वर्षभराची, क्वचित दोन वर्षांची. म्हणजे आज पहिल्या वर्षात असाल तर स्वतंत्रपणे काम करायला दहा-बारा वर्षं धरून चाला.

काही ठिकाणी वेगळी परीक्षाही असते. उदाहरणार्थ, ब्रिटनमधलं रॉयल कॉलेज ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट्स लेझर रिफ्रॅक्टिव्ह सर्जरीचं स्वतंत्र प्रमाणपत्र देतं. शिवाय प्रत्येक लेझर मशीनचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि सुरुवातीच्या केसेस जाणत्या सर्जनच्या देखरेखीखाली कराव्या लागतात. हे प्रशिक्षण एक-दोन दिवसांत उरकतं, म्हणून कुणी त्यालाच शिक्षण समजून बसतं. मशीन कसं चालवायचं ते त्यात कळतं. कुणावर चालवायचं नाही, ते कळायला वरची सगळी वर्षं लागतात.

ही शाखा बाकी शस्त्रक्रियांपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे, आणि तो फरक आत्ताच मनात पक्का करा. तुमच्यासमोर येणारा डोळा आजारी नसतो. चष्मा लावून त्याला उत्तम दिसत असतं. मोतीबिंदूच्या पेशंटची नजर आधीच गेलेली असते, ती आपण परत आणतो. इथे चांगली नजर घेऊन आलेल्या माणसाला चांगली नजर घेऊनच परत पाठवायचं असतं.

प्रश्न: नेत्रविज्ञानाच्या रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष चालू आहे. लेझर अजून हातात मिळत नाही. हा वेळ वाया जातोय असं वाटतं. आत्तापासून काय करावं?

नंबर काढायला शिका, स्वतःच्या हाताने. तुमच्या विभागात ते काम ऑप्टोमेट्रिस्ट करत असतील आणि तुम्ही तयार कागदावर सही करत असाल, तर तुमचा वेळ खरोखरच वाया जातोय. लेझर एक मायक्रॉनही चुकत नाही असं धरलं, तरी त्याला दिलेला आकडा तुमचा असतो.

रेटिनोस्कोपपासून सुरुवात करा. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे नंबर आपोआप काढणाऱ्या मशीनचा, आकडा बाजूला ठेवा, अंधाऱ्या खोलीत बाहुलीतला प्रकाशाचा पट्टा हलवा आणि न्यूट्रल होईपर्यंत, म्हणजे पट्टा सरकेनासा होईपर्यंत, भिंगं बदला. असे भरपूर डोळे पाहिले की एक दिवस असा डोळा भेटतो, जिथे तो पट्टा सरळ सरकत नाही. त्याचे दोन भाग एकमेकांकडे येतात आणि दूर जातात, कात्रीची पाती उघडझाप करावीत तसे. हा डोळा केराटोकोनसचा असू शकतो, म्हणजे कॉर्निया कमकुवत होऊन पुढे शंकूसारखा फुगण्याचा आजार. तो कितीही सौम्य असला तरी त्यावर नंबर घालवणारं लेझर करायचं नाही. एका साध्या अवजाराने पहिल्या पाच मिनिटांत मिळणारी ही सूचना आहे.

तरुण डोळ्याचं दुसरं एक दुखणं असतं. तो जोर लावून जास्तीचा मायनस नंबर पचवतो, आणि ‘हे भिंग जास्त काळं, जास्त स्पष्ट’ असं पेशंट मनापासून सांगतो. म्हणून फॉगिंग करा (प्लस भिंगाने नजर मुद्दाम धूसर करा), लाल-हिरवी चाचणी घ्या, आणि मायनस नंबरवाल्याला लाल बाजूची अक्षरं किंचित स्पष्ट दिसतील तिथेच थांबा. मग डोळ्याचा हा जोर तात्पुरता थांबवणारे सायक्लोपेंटोलेट १ टक्क्याचे थेंब घालून अर्धा-पाऊण तास थांबून पुन्हा नंबर काढा. थेंबांआधीच्या आणि नंतरच्या नंबरात अर्ध्या डायॉप्टरहून (डायॉप्टर हे नंबराचं एकक) जास्त फरक आला तर दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा. हा जास्तीचा मायनस लेझरने कोरला गेला तर डोळा प्लसमध्ये जातो. पंचविशीत ते लक्षातही येत नाही. पस्तिशी ओलांडली की वाचताना डोकं दुखायला लागतं, आणि इतरांच्या आधी चाळिशी लागली म्हणून तो माणूस तुमच्याकडे परत येतो.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा कॉर्निया लेन्सने दाबला जाऊन आकार बदलतो. मऊ लेन्स असेल तर तपासणीआधी एक ते दोन आठवडे बंद, कडक लेन्स असेल तर तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त. मात्र आठवड्यांचा आकडा हा फक्त अंदाज आहे. काही दिवसांच्या अंतराने काढलेले कॉर्नियाच्या आकाराचे दोन नकाशे आणि दोन नंबर जुळले, की लेन्सचा परिणाम गेला असं समजायचं.

आता कागदावरच्या चुका. त्या शिकवल्या जात नाहीत आणि घडतात. −८.०० हा नंबर चष्म्याच्या पातळीवर, डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर काढलेला असेल, तर कॉर्नियाच्या पातळीवर तो −७.३० होतो. अनेक मशीन हा हिशेब स्वतःच करतात. तुम्ही तो आधीच करून −७.३० भरलेत आणि अंतर १२ मिलिमीटर ठेवलंत, तर मशीन पुन्हा वजा करून ६.७० च्या आसपासच काढतं आणि पेशंटचा अर्धा डायॉप्टरहून जास्त नंबर उरतो. दुसरी चूक सिलिंडरची, म्हणजे एका ठरावीक अक्षावरच असणाऱ्या नंबराची. −४.०० +१.०० × ९० हाच नंबर दुसऱ्या पद्धतीने −३.०० −१.०० × १८० असा लिहितात. घाईत कुणी चिन्ह बदललं पण अक्ष ९० चाच ठेवला, तर एक डायॉप्टरचा सिलिंडर जाण्याऐवजी दोन डायॉप्टरचा होतो. म्हणून लेझर सुरू करण्याआधी एकाने मूळ तपासणीच्या कागदावरून नाव, डोळा, नंबर, अक्ष मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून जुळवायचा. तो पडद्यावरून वाचून पडद्याशीच जुळवला तर काहीच तपासलं जात नाही.

प्रश्न: माझ्या भावाला एका ठिकाणी ‘कॉर्निया पातळ आहे’ म्हणून नकार मिळाला, दुसऱ्या ठिकाणी होकार. मी स्वतः नेत्रविज्ञानात शिकते आहे. हा निर्णय नेमका कोणत्या हिशेबावर होतो?

हिशेब सोपा आहे, निर्णय सोपा नाही. आधी हिशेब. लेझर किती खोल कोरणार, याचं जुनं सूत्र मनर्लिनचं: नंबर गुणिले कोरायच्या भागाच्या व्यासाचा वर्ग, भागिले तीन. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. प्रत्यक्षात मशीन कडेचा उतार धरून यापेक्षा थोडं जास्त कोरतं, त्यामुळे अंतिम आकडा मशीनचाच घ्यायचा. पण तोंडी अंदाजाला हे सूत्र पाठ हवं.

समजा कॉर्नियाची जाडी ५४० मायक्रॉन, नंबर −६, व्यास ६ मिलिमीटर. सहा गुणिले छत्तीस भागिले तीन, म्हणजे ७२ मायक्रॉन कोरले जातील. लॅसिक पद्धतीतला फ्लॅप, म्हणजे लेझरआधी कापून उचलायची कॉर्नियाची झाकणासारखी पापडी, ११० मायक्रॉनचा. खाली उरले ३५८. पूर्वीपासूनची मर्यादा अशी की फ्लॅपखाली निदान २५० मायक्रॉन उरावेत. आज अनेक सर्जन ३०० च्या खाली जात नाहीत. दुसरा निकष टक्केवारीचा: फ्लॅप अधिक कोरलेला भाग हा एकूण जाडीच्या ४० टक्क्यांपर्यंत पोचला की धोका वाढतो. इथे तो ३४ टक्क्यांच्या जवळ आहे. दोन्ही निकषांत हा डोळा बसतो.

दुसरा डोळा: जाडी ५००, नंबर −८, व्यास ६.५. कोरायचे जवळजवळ ११३ मायक्रॉन. फ्लॅप धरून २२३ गेले, उरले २७७. २५० ची मर्यादा पाळली, म्हणून एका ठिकाणी होकार. पण टक्केवारी ४४ च्या पुढे गेली, म्हणून दुसऱ्या ठिकाणी नकार. तुमच्या भावाच्या बाबतीत असंच काही झालं असू शकतं.

मोह होतो तो इथे. व्यास ६.५ वरून ५.५ वर आणला की कोरायचे फक्त ८१ मायक्रॉन होतात, टक्केवारी ३८ वर येते आणि कागद स्वच्छ दिसतो. पण अंधारात ज्याची बाहुली सात मिलिमीटर पसरते, त्याला रात्री प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसायला लागतं. आकडा बसवण्यासाठी व्यास कमी करू नका. त्याऐवजी पीआरके (फ्लॅप न करता कॉर्निया वरूनच लेझरने कोरायची पद्धत) किंवा डोळ्यात बसवायची लेन्स हे पर्याय पेशंटसमोर ठेवा. कधी कधी चष्माच बरा असंही सांगावं लागतं.

आणि ही सगळी गणितं नकाशा निर्दोष असेल तरच करायची. ५६० मायक्रॉनचा जाड कॉर्निया, पण खालच्या भागात उभार आणि मागच्या पृष्ठभागावर फुगवटा, असा डोळा ४९० च्या एकसंध कॉर्नियापेक्षा जास्त धोक्याचा असतो. शेतातली विहीर काठावरून मोजून चालत नाही, तसं मधल्या एका बिंदूची जाडी मोजून कॉर्निया कळत नाही. सर्वांत पातळ जागा कुठे आहे, मध्यापासून कडेकडे जाडी कशी वाढते, दोन डोळ्यांचे नकाशे एकमेकांचं प्रतिबिंब आहेत का, हे पाहा. एपिथेलियमच्या, म्हणजे कॉर्नियावरच्या सर्वांत वरच्या पातळ आवरणाच्या, जाडीचा नकाशा मिळत असेल तर तोही घ्या. शंकूच्या टोकावर एपिथेलियम आपोआप पातळ होतं, त्यामुळे पुढचा पृष्ठभाग निर्दोष असल्याचा भास होतो. वय पंचविशीच्या आत, वर्षात अर्ध्या डायॉप्टरहून जास्त बदललेला नंबर, डोळे चोळायची सवय, घरात केराटोकोनस: यातलं काहीही असेल तर थांबा. चुकीच्या डोळ्यावर लेझर झालं, तर कॉर्निया महिन्यांनी किंवा वर्षांनी पुढे फुगू लागतो. मग रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांनी क्रॉसलिंकिंग करून तो बहुधा रोखता येतो, पण गेलेला आकार परत येत नाही.

प्रश्न: सगळं मशीनच करतं, तर सर्जनच्या हाताचं कौशल्य किती लागतं? माझा हात किंचित थरथरतो आणि मला स्वतःलाही चष्मा आहे.

चष्म्याने काही बिघडत नाही. खोलीची जाण, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारी त्रिमिती, मात्र चांगली हवी. ती तपासून घ्या. थरथर बहुतेकांच्या हाताला असते. मनगट पेशंटच्या कपाळावर किंवा टेबलाच्या आधारावर टेकवलं की ती बोटांपर्यंत पोचत नाही. आदल्या रात्री झोप झालेली असणं याला पर्याय नाही.

हाताचं काम कुठे येतं? पीआरकेमध्ये वरचा एपिथेलियम काढायचा असतो. आठ-नऊ मिलिमीटरच्या गोल कड्यात २० टक्के अल्कोहोल वीस ते तीस सेकंद धरायचं, एक थेंबही बाहेर न सांडता टिपून घ्यायचं, धुवायचं आणि मग एपिथेलियम लोटायचं. याला फार वेळ लागला तर खालचा थर कोरडा पडतो, आणि कोरडा कॉर्निया लेझरने जास्त खोदला जातो. ओला राहिला तर कमी. एकाच नंबरच्या दोन डोळ्यांचे निकाल वेगळे येतात, त्यामागे बऱ्याचदा हीच दहा-वीस सेकंदं असतात. म्हणून प्रत्येक डोळ्याला सारखाच वेळ लागेल इतका सराव हवा. कॉर्निया कोरणाऱ्या एक्सायमर लेझरची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर. अत्तराची किंवा स्पिरिटची वाफही हे किरण शोषते. लेझरच्या खोलीत सेंट लावून यायचं नाही, हा नियम पेशंटइतकाच तुम्हालाही आहे.

सर्वांत जास्त हात लागतो तो स्माइल या फ्लॅप नसलेल्या पद्धतीमध्ये. फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आत आधी खालची पातळी कापतं, मग वरची. मध्ये पातळ पाकळी तयार होते, ती दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर काढायची. पाकळीची कड दहा-पंधरा मायक्रॉनचीच असते. आधी वरची पातळी सोडवायची, नंतर खालची. नवशिक्याचं अवजार नकळत आधी खाली शिरतं, पाकळी वरच्या थराला चिकटून राहते आणि ‘पाकळी सापडतच नाही’ अशी अवस्था येते. मायक्रोस्कोपखाली पाकळीच्या कडेला एक पांढरं कडं दिसतं. अवजार त्या कड्यावरून जाताना दिसलं तर तुम्ही वरच्या पातळीत आहात. कडं अवजारावरून जाताना दिसलं तर खालच्या. तसं दिसलं की लगेच थांबा, बाहेर या, चिरेच्या दुसऱ्या टोकाकडून वरची पातळी शोधा. सुरुवातीच्या केसेस −४ ते −६ च्या निवडा. −१.५० ची पाकळी इतकी पातळ असते की ती फाटते, आणि आत राहिलेला तुकडा वेडावाकडा नंबर देतो.

लेझर चालू असताना पेशंटने डोळा दाबला किंवा मान हलवली तर डोळा मशीनला धरून ठेवणारं सक्शन सुटतं. खालची पातळी दहा टक्क्यांच्या आत कापली गेली असेल तर पुन्हा सुरू करता येतं. त्याच्या पुढे गेली असेल तर त्या दिवशी स्माइल सोडून द्यायचं, लॅसिक किंवा नंतर पीआरके करायची. वरच्या पातळीच्या वेळी सुटलं तर तीच पुन्हा कापता येते. हा तक्ता मशीनशेजारी चिकटवलेला असतो, तरी तोंडपाठ करा. आणि पेशंटला आधीच सांगून ठेवा की काही सेकंद समोरचा हिरवा दिवा धूसर होईल, नाहीसा होईल, तेव्हा तो शोधायला डोळा हलवू नका. हे एक वाक्य सांगितल्याने सक्शन सुटण्याचे कितीतरी प्रसंग टळतात.

हे सगळं आधी प्राण्यांच्या डोळ्यांवर करून पाहायचं असतं. त्या डोळ्यांचा कॉर्निया काही तासांत सुजून गढूळ होतो, म्हणून ताजेच घ्या.

प्रश्न: झोपवल्यावर डोळा फिरतो असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. बसलेला माणूस आडवा झाला की डोळा आपल्याच अक्षाभोवती काही अंश फिरू शकतो. सिलिंडर नंबरात अक्ष १५ अंशांनी चुकला तर निम्मा सिलिंडर शिल्लक राहतो. ३० अंश चुकला तर केलं न केलं सारखंच. मशीन बुबुळाच्या नक्षीवरून हे ओळखत नसेल तर पेशंट बसलेला असताना, स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून पाहायच्या मायक्रोस्कोपवर), डोळ्याच्या कडेला तीन आणि नऊ वाजण्याच्या जागी शाईने खूण करा. झोपवल्यावर केलेली खूण निरुपयोगी.

प्रश्न: फेलोशिप सुरू झाली आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांची जबाबदारी माझ्यावर आहे. चुकू नये अशा गोष्टी कोणत्या?

ही जबाबदारी मिळाली हे चांगलं झालं. लेझरच्या दिवसापेक्षा इथेच जास्त शिकाल.

लॅसिकनंतर पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारा: फ्लॅप जागेवर आहे का, त्यावर घड्या आहेत का, त्याखाली काही आहे का. नजर चांगली आली म्हणून स्लिट लॅम्पची तपासणी उरकू नका. फ्लॅपच्या कडेची फट सगळीकडे सारखी असायला हवी. एका बाजूला रुंद दिसली तर फ्लॅप सरकला आहे. त्याच दिवशी उचलून, धुऊन, ताणून बसवला तर घड्या जातात. आठवडा गेला की त्या पक्क्या होतात.

फ्लॅपखाली वाळू पसरल्यासारखे पांढरे बारीक कण दिसले तर डीएलके, म्हणजे निर्जंतुक दाह. तो साधारणपणे पहिल्या एक ते तीन दिवसांत दिसतो. कडेला असेल तर प्रेडनिसोलोनचे थेंब तासातासाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. पुढच्या पायरीत कण मध्यभागी येतात. त्याच्याही पुढे मध्यभागी गुठळ्या होऊ लागल्या की फ्लॅप उचलून धुवायचा, वाट पाहायची नाही. चौथ्या पायरीत कॉर्नियाचं मधलं ऊतक विरघळतं आणि नंबर प्लसमध्ये जातो.

घोटाळा होतो तो आठवड्यानंतर. थेंब चालू आहेत, तरी फ्लॅपखालचा धूसरपणा वाढतोय. नवशिका म्हणतो, दाह वाढला, थेंब वाढवा. पण स्टिरॉइडने डोळ्याचा दाब वाढलेला असतो आणि त्या दाबाने पाणी फ्लॅपखाली साठलेलं असतं. दाब मध्यभागी मोजला तर या पाण्याच्या उशीमुळे तो खोटाच कमी दिसतो. कडेला मोजा. तिथे जास्त आला तर स्टिरॉइड बंद करून दाबाची औषधं सुरू करायची. हे ओळखलं नाही आणि थेंब वाढवतच गेलात, तर नंबर घालवायला आलेला माणूस काचबिंदूने नजर घालवून बसेल.

एकाच जागी पांढरा ठिपका, लाली, दुखणं असेल तर ते जंतू आहेत असंच धरा. फ्लॅप उचला, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पहिल्या काही दिवसांत नेहमीचे जीवाणू असतात. दोन-तीन आठवड्यांनी आलेल्या संसर्गात क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद किंवा बुरशी असू शकते, आणि साध्या प्रतिजैविकांना ते दाद देत नाहीत.

सर्वांत जास्त तक्रार मात्र कोरड्या डोळ्याची येते. लॅसिकमध्ये कॉर्नियाच्या संवेदनेच्या नसा कापल्या जातात, म्हणून काही महिने अश्रू कमी येतात. शस्त्रक्रियेआधी अश्रूंचा थर दहा सेकंदांच्या आत फुटत असेल तर आधी त्यावर उपचार करा. कोरड्या पृष्ठभागावर घेतलेला नकाशा आणि नंबर दोन्ही चुकीचे असतात, हे त्याहून महत्त्वाचं कारण.

प्रश्न: मला फक्त लेझर करायचं आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकायलाच हवी का?

हवी. −१२ नंबरच्या पंचवीस वर्षांच्या मुलीला लेझर चालत नाही. तिच्या नैसर्गिक भिंगापुढे लेन्स बसवावी लागते. बुबुळापुढचा कप्पा २.८ ते ३ मिलिमीटरपेक्षा उथळ असेल तर तेही नाही. बसवलेली लेन्स आणि डोळ्याचं स्वतःचं भिंग यांत साधारण २५० ते ७५० मायक्रॉन अंतर राहायला हवं. फार जवळ बसली तर भिंगावर मोतीबिंदू धरतो, फार वर उचलली गेली तर बुबुळ पुढे ढकललं जाऊन डोळ्याचा दाब वाढतो. अशा डोळ्यात मोतीबिंदू झाला, तर तो तुम्हाला काढता यायला नको का?

आणि पन्नाशीचा माणूस ‘दूरचा आणि वाचायचा, दोन्ही चष्मे घालवा’ म्हणत येतो. त्याच्या भिंगात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर कॉर्निया कोरणं चुकीचं ठरतं. ज्याच्या हातात फक्त लेझर असतं, त्याला हे कळत असूनही तो लेझरच सुचवतो.

प्रश्न: फेलोशिप निवडताना काय पाहावं?

तिथे होणाऱ्या एकूण शस्त्रक्रियांच्या संख्येआधी हे विचारा: आधीच्या फेलोने स्वतः किती शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांतल्या पहिल्या तपासणीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत किती केसेस त्याच्याकडे होत्या? किती पेशंटना नकार दिला जातो, आणि त्या नकाराची चर्चा फेलोसमोर होते का? दुसऱ्यांदा लेझर करावं लागलेल्या डोळ्यांची यादी ठेवली जाते का? दुसरीकडे बिघडलेले डोळे इथे येतात का? पीआरके, फ्लॅप, स्माइल आणि लेन्स, चारही शिकायला मिळतात का? जिथे तपासणाऱ्याचा मोबदला शस्त्रक्रियेला ‘हो’ म्हणणाऱ्या पेशंटच्या संख्येवर ठरतो, ती जागा सोडा. तिथे वर्षभरात हात तयार होईल, पण नजर बिघडेल.

प्रश्न: स्वतःचे निकाल सुधारायला आणि नोंदी ठेवायला कसं शिकायचं?

पहिल्या डोळ्यापासून तक्ता ठेवा: किती नंबर काढायचा होता, तीन महिन्यांनी किती उरला, वय, खोलीचं तापमान, आर्द्रता. पन्नास-शंभर डोळ्यांनंतर तुमचा स्वतःचा कल दिसतो. सगळ्या डोळ्यांत पाव डायॉप्टर मायनस उरत असेल तर तेवढी भर घालायची. यालाच नोमोग्राम म्हणतात. दुसऱ्या सर्जनचा नोमोग्राम उसना घेऊ नका. त्याची खोली आणि त्याचा वेग वेगळा आहे.

तीन महिन्यांवरही थांबू नका. लेझरच्या आधी कॉर्नियावर किरणांसारख्या चिरा देऊन नंबर काढत. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनी ४३ टक्के डोळे एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त प्लसच्या दिशेने सरकलेले निघाले. पहिल्या वर्षी ते उत्तम दिसत होते.

तक्त्याइतकाच महत्त्वाचा पेशंटच्या हातातला कागद. मायनस नंबरच्या लेझरने कॉर्नियाचा फक्त पुढचा पृष्ठभाग चपटा होतो, मागचा तसाच राहतो. नेहमीचं केराटोमीटर, म्हणजे कॉर्नियाची वक्रता मोजणारं मशीन, दोन्हींचं ठरावीक प्रमाण गृहीत धरतं, म्हणून अशा कॉर्नियाची ताकद ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. त्यावरून मोतीबिंदूची लेन्स निवडली तर ती कमी ताकदीची येते आणि माणूस प्लस नंबर घेऊन उठतो. आज तिशीत असलेला तुमचा पेशंट साठीत मोतीबिंदूसाठी जाईल, तेव्हा तुम्ही तिथे नसाल, तुमचं मशीन आणि त्यातली फाइलही बहुधा नसेल. म्हणून एका पानावर हे लिहून द्या: शस्त्रक्रियेची तारीख आणि प्रकार, आधीचा नंबर, दोन्ही अक्षांवरची आधीची केराटोमेट्री, आधीची जाडी, फ्लॅपची किंवा टोपीची (स्माइलमधल्या पाकळीवरच्या थराची) जाडी, कोरलेले मायक्रॉन, स्थिरावल्यानंतरचा नंबर. प्रत्येक डोळ्याचा रकाना वेगळा. पान टिकाऊ कागदावर छापून द्या, त्याचा फोटो पेशंटच्या फोनवर काढायला लावा, आणि घरच्या एका माणसालाही पाठवायला सांगा.